अजून न आलेला पाहुणा

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून माळ्यावर चढले नव्हते, तेव्हाची गोष्ट. आमचे चिरंजीव, वय वर्षं अकरा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात ह्यांचा मोबाइल आणि चेहरा अगदी गरीब गाईसारखा.

"आई, आजीनं दिलेले माझे दीड हजार तुझ्याकडे आहेत ना? ते मला हवेत."

कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे 'द विचर ४' नावाचा एक गेम यायचा आहे. कुणीतरी मोबाइलवर निरोप पाठवला होता की दीड हजार भरा, म्हणजे सगळ्यांच्या आधी खेळायला मिळेल.

"यायचा आहे म्हणजे कधी?"

"ते अजून ठरलेलं नाही."

आता सांगा! मेथीची जुडी घेतानासुद्धा उलटीपालटी करून बघणाऱ्या आपण बायका. जी वस्तू अजून तयारच नाही तिचे पैसे आज भरायचे? मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. संध्याकाळी भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कामावरून आले. त्यांनी तो निरोप पाहिला आणि कपाळाला हात लावला. शुद्ध फसवणूक होती ती. पैसे वाचले, पण चिरंजीव जाता जाता एक वाक्य टाकून गेले, "तुला त्यातलं काही कळतच नाही!"

ते वाक्य मला लागलं. आठवड्यातून तीन दिवस मी शाळेत दुसऱ्यांची मुलं शिकवते आणि माझ्याच मुलाच्या डोक्यात रात्रंदिवस काय घोळतंय, ते मला ठाऊक नाही! मग पुढचे चार-पाच रविवार दुपारची झोप सोडली आणि भाऊजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. या मालिकेतला आधीचा गेम ते खेळतात. त्यांना शंभर प्रश्न विचारले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते, कारण हा पाहुणा आज ना उद्या तुमच्याही दारात येणार आहे.

हा खेळ आहे तरी कसा?

आपल्याला सापशिडी माहीत आहे. फासा टाकायचा, एकामागून एक घरं चालायची, वाट ठरलेली. आणि आपल्याला भातुकलीही माहीत आहे. तिथं वाट नसते. "मी आई, तू बाबा, ही माझी चूल" म्हटलं की ते जग सुरू. भूमिका घ्यायची आणि त्या भूमिकेसारखं वागायचं. आता अशी भातुकली मनात आणा की जिच्यात चूलच काय, डोंगर, नद्या, बाजार, बंदरं, शेकडो माणसं असं एक अख्खं राज्य पडद्यावर मांडलेलं आहे. घोड्यावर बसून कुठल्याही दिशेला निघा, तुम्हाला कुणी अडवत नाही. याला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. तिथे ठरलेली एक मुख्य कथा असते, पण ती सोडून तुम्ही एखाद्या खेड्यात थांबलात तर तिथल्या म्हातारीचंही काही गाऱ्हाणं असतं. कामं करत जावं तसं आपलं पात्र शहाणं आणि बळकट होत जातं.

'विचर' म्हणजे पैसे घेऊन राक्षस आणि भुतंखेतं मारणारा. ही मूळ कल्पना पोलंडचे लेखक आंजेय सापकोव्स्की यांची. गंमत पाहा, व्यापारात नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी १९८६ साली एका मासिकाच्या कथास्पर्धेत गोष्ट पाठवली. तिला तिसरा क्रमांक मिळाला. पहिला नव्हे हं, तिसरा! त्या गोष्टीची पुढे पुस्तकं झाली, पुस्तकांवरून २००७, २०११ आणि २०१५ साली तीन गेम निघाले. तिसऱ्याच्या प्रती २०२३ पर्यंत जगभरात पाच कोटींच्या वर खपल्या होत्या. सापकोव्स्कींचा मात्र व्हिडिओ गेमवर विश्वास नव्हता. नफ्यातला वाटा नको, एकरकमी पैसे द्या, असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं. पुढे पस्तावले, २०१८ मध्ये त्यांनी कंपनीकडे जादा रकमेची मागणी केली, आणि २०१९ च्या अखेरीला दोघांत नवा करार झाला. हातातलं सोनं पितळ समजून मोडीत काढल्यावर काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

एका घराची गोष्ट

मला वाटत होतं, या खेळात नुसती तलवारबाजी असेल. दुसऱ्या रविवारी जे पाहिलं त्याने मी गप्प झाले.

२०१५ च्या गेममध्ये एक जहागीरदार आहे, लोक त्याला रक्तपिपासू बॅरन म्हणतात. खेळाचा नायक गेराल्ट हा सिरी नावाच्या, मुलीसारख्या असलेल्या तरुणीला शोधतोय. बॅरन म्हणतो, तिची बातमी देतो, पण आधी माझी बायको आणि मुलगी शोधून दे, दोघी नाहीशा झाल्यात. माणूस दिसायला दिलदार. हसतो, जेवू घालतो, बायकोच्या आठवणीने व्याकूळही होतो. मग गेराल्ट घरात शोध घेतो आणि हळूहळू सत्य बाहेर येतं. बायको पळवली गेलेली नाही, ती पळून गेलेली आहे. हा दारू पिऊन तिला मारत असे. शेवटच्या रात्रीच्या झटापटीत तिचा गर्भ पडला. त्या जिवाला ना नाव मिळालं, ना विधीवत मूठमाती. त्याचंच आता भूत झालेलं आहे.

इथे गेराल्टने काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. त्या भुताला मारून टाकता येतं. किंवा बॅरनला सांगता येतं की बाबा रे, तूच त्याला उचलून घे, त्याला नाव दे आणि उंबऱ्याखाली पुर. भाऊजींनी दुसरी वाट घेतली. तो दांडगा माणूस अंधारात ते घेऊन चालतो, नाव ठेवतो, माफी मागतो. माझ्या हातातलं विणकाम तसंच राहिलं.

मैत्रिणींनो, "तो फक्त पिऊन आल्यावरच हात उगारतो, एरवी देवमाणूस" हे वाक्य ऐकत आपल्यातल्या किती जणी मोठ्या झाल्या? तेच वाक्य दूर पोलंडमधल्या लोकांनी खेळात घातलं, आणि उत्तर खेळणाऱ्यावर सोपवलं. पुढे याच कथेत एका झाडाखाली कैद असलेल्या आत्म्याला सोडायचं की संपवायचं, असा दुसरा प्रश्न येतो. सोडलं तर काही अनाथ मुलं वाचतात, पण बॅरनच्या बायकोचा जीव जातो. संपवलं तर ती जगते, पण भ्रमिष्ट होऊन, आणि मुलं जातात. निर्णय एकीकडे घ्यायचा आणि त्याचं फळ बऱ्याच वेळानं भलतीकडेच समोर यायचं. बरोबर उत्तर कुठंच नाही.

आता माझी चूक कबूल करते. त्या दुपारी मागे वळून पाहिलं, तर आमचे चिरंजीव दाराच्या चौकटीला टेकून उभे! आणि ते पहिल्यांदा नव्हते. वर्षभर ते काकाच्या मागे उभे राहून हे पाहत होते, आणि मी आपली "चित्रं बघतोय, बघू दे" म्हणून पोळ्या लाटत होते. या खेळाच्या वेष्टनावर युरोपात १८ चा आकडा छापलेला आहे. म्हणजे अठरा वर्षांखालच्यांसाठी तो नाही. रक्तपात आहे, शिव्या आहेत, नको ती दृश्यं आहेत. आकडा मोठ्या अक्षरात होता, मीच वाचला नव्हता.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने विचारलं, "आई, बायकोला मारणाऱ्याला मदत करायची असते का?"

मी जरा वेळ गप्पच राहिले. मग म्हटलं, "मदत आधी बायकोला करायची. ती सुखरूप झाली की मग त्याचं बघू." त्याला ते पटलं असावं, कारण तो लगेच झोपला. मला मात्र झोप आली नाही. प्रश्न चांगला होता, पण अकराव्या वर्षी, तोही एकट्याने मनात घेऊन हिंडण्याचा नव्हता.

नव्या खेळात नायिका

ज्या 'विचर ४' साठी दीड हजार मागितले गेले, त्याची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या समारंभात झाली. या वेळी मुख्य पात्र गेराल्ट नाही. ज्या सिरीला तो शोधत होता, तीच आता मोठी होऊन स्वतः विचर झाली आहे. कथेप्रमाणे आजवर ही विद्या मुलग्यांना देत, त्यासाठी काढे पाजून जीवघेणी परीक्षा घेत. तीही सिरीने पार केली आहे. पुरुषाच्या जागी बाई नायक केली म्हणून काही खेळणाऱ्यांनी नाकं मुरडली. कंपनी मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिली. या खेळाच्या दिग्दर्शकांचं नाव सेबास्टियन कालेम्बा, आणि कार्यकारी निर्मातीची धुरा एका बाईकडे आहे, माउगोझाता मित्रेंगा.

घोषणेच्या वेळी दाखवलेली सहा मिनिटांची फीत मी भाऊजींकडून मागून पाहिली. एका दूरच्या खेड्यात राक्षसाला मुलींचा बळी द्यायची चाल आहे. सिरी एका मुलीला वाचवायला जाते, राक्षसाशी झुंजते, जिंकते. परत येऊन पाहते तर गावकऱ्यांनीच त्या मुलीला मारलेलं असतं, कारण तिने रूढी मोडली. राक्षस जंगलात होता तो होताच, पण दुसरा घराघरात बसलेला होता. हे समजायला आपल्याला पोलिश भाषा यावी लागत नाही.

चारशे हातांचा स्वयंपाक

हे सगळं तयार कोण करतं? वॉर्सा शहरातली सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी. मार्चिन इविन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी ती १९९४ साली सुरू केली. परदेशी गेमच्या सीडी आणून विकणं हा त्यांचा पहिला धंदा. १९९९ मध्ये त्यांनी एक मोठा इंग्रजी गेम संपूर्ण पोलिश भाषेत आणला, नावाजलेल्या पोलिश कलाकारांचे आवाज घेऊन. बाजारात चोरट्या प्रतींचा सुळसुळाट असताना लोकांनी रांगा लावून खरी प्रत घेतली, कारण आपली भाषा त्यात होती. हे वाचून मला मराठीची फार आठवण झाली.

'विचर ४' चं काम पूर्ण जोराने सुरू झालं नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि चारशेहून अधिक माणसं त्यावर राबू लागली. कुणी कथा लिहितं, कुणी नकाशा रचतं, कुणी नुसता घोड्याचा लगाम कसा हलेल ते पाहतं. या वेळी त्यांनी आपली घरची जुनी चूल, म्हणजे स्वतःचं तंत्र, बाजूला ठेवून अमेरिकेतल्या एपिक गेम्स या कंपनीचं 'अनरिअल इंजिन ५' घेतलं. जून २०२५ मध्ये त्यांनी एक झलक दाखवली. सिरी आपल्या केल्पी नावाच्या घोडीवरून डोंगर उतरते, घोडीच्या कातडीखालचे स्नायू हलताना दिसतात, आणि ती व्हाल्ड्रेस्ट नावाच्या बंदराच्या गावात येते. तिथल्या बाजारात तीनशे माणसं एकाच वेळी आपापल्या कामात फिरत असतात. आपल्या मंडईत शनिवारी असते तशी गर्दी! पण कंपनीने तेव्हाच स्पष्ट सांगितलं की ही तंत्राची झलक आहे, हा खेळ नव्हे. शिवाय २०२५ मध्येच सांगितलं की २०२६ संपण्याआधी तो येणार नाही.

घाईने उतरवलेला भात

एवढं सावध बोलणं त्यांना कुणी शिकवलं? अनुभवानं. हा भाग नीट वाचा, कारण आपल्या पैशांशी त्याचा संबंध आहे.

याच कंपनीने २०१२ साली 'सायबरपंक २०७७' नावाचा दुसरा खेळ जाहीर केला. लोक आठ वर्षं वाट पाहत राहिले. आधी १६ एप्रिल २०२० ची तारीख दिली, ती पुढे ढकलली सप्टेंबरवर, मग नोव्हेंबरवर, शेवटी १० डिसेंबरवर. कामगारांवर जादा कामाची सक्ती करणार नाही असं म्हणणाऱ्या कंपनीने अखेरच्या महिन्यांत त्यांना आठवड्याचे सहा दिवस कामाला लावलं. तोवर जगभरातल्या ऐंशी लाख लोकांनी आधीच पैसे भरून ठेवले होते. आणि खेळ आला तेव्हा जुन्या यंत्रांवर तो मधेच बंद पडू लागला, माणसं हवेत तरंगू लागली, चेहरे धड उमटेनात. परीक्षकांना आधी दिला होता तो फक्त कॉम्प्युटरवरचा चांगला अवतार. म्हणजे पाहुण्यांना वरचा मोकळा भात दाखवायचा आणि खालचा कच्चा वाढायचा! आठवडाभरात सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, पैसे परत द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये इविन्स्कींनी सर्वांसमोर माफी मागितली.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती माणसं पातेलं टाकून पळाली नाहीत. जून २०२१ मध्ये खेळ सोनीच्या दुकानात परत आला. दुरुस्त्या चालूच राहिल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मोठी सुधारणा आल्यावर ज्यांनी नावं ठेवली होती त्यांनीच कौतुक केलं. ज्यांनी तीन वर्षं थांबून घेतला त्यांना चांगला मिळाला, तोही कमी किमतीत. ज्यांनी सगळ्यांच्या आधी पैसे भरले त्यांच्या वाट्याला कच्चा आला. आणि जूनमधली ती नवी झलक कंपनीने महागड्या कॉम्प्युटरवर नव्हे, तर घरोघरी असणाऱ्या साध्या प्लेस्टेशन ५ वर दाखवली, त्याचं कारण हेच.

मग आपण काय करायचं?

मी ठरवलेल्या चार गोष्टी सांगते. पटल्या तर घ्या.

एक, न आलेल्या खेळाचे पैसे कुणालाही भरायचे नाहीत. "आधी खेळायला देतो" असा निरोप आला की तो मुलाने आपल्याला दाखवायचा, आणि दाखवल्याबद्दल त्याला रागवायचं नाही. रागावलो तर पुढच्या वेळी तो दाखवणार नाही.

दोन, खर्चाचा अंदाज आधी घ्यायचा. २०२५ मध्ये असे खेळ खेळायचं यंत्र पन्नास हजारांच्या आसपास जात होतं, आणि नवा मोठा खेळ एकेक चार-पाच हजारांचा होता. तो येऊन महिना-दोन महिने झाले, लोकांनी बरं म्हटलं, की मग विचार करावा. सहसा किंमतही पुढे उतरते.

तीन, वेष्टनावरचा वयाचा आकडा औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखा वाचायचा. आधीचा १८ चा आहे, तेव्हा 'विचर ४' लहानांचा नसणार असंच धरून चालायचं. आमच्याकडे भाऊजी आता रात्री मुलं झोपल्यावर खेळतात. मी सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं.

चार, नुसतं "बंद कर" म्हणायचं नाही. एकदा तरी शेजारी बसायचं. मुलाला जे आवडतं त्यात त्याला काय आवडतं, ते विचारायचं. आमच्या चिरंजीवांना तलवार आवडत नाही म्हणे, नकाशा आवडतो!

शेवटचं सांगते. नाही म्हटल्यावर त्याच्या वयाचं काही सुचवायला हवं, म्हणून शोधता शोधता कळलं की आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. तो मोकळ्या जगाचा नाही, लहानसाच आहे, पण त्यातली मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. तो आधी मी स्वतः पूर्ण पाहणार आहे, मग ठरवेन. आजीचे दीड हजार तोवर माझ्या कपाटात, आणि त्याच्या वहीत मात्र एक नकाशा वाढतो आहे. त्यात एक नदी आहे, एक गाव आहे आणि गावाच्या वेशीवर एक म्हातारी बसलेली आहे. तिचं गाऱ्हाणं काय, ते म्हणे अजून ठरायचं आहे.

मी म्हटलं, ठरव सावकाश. घाई करू नकोस.